खेड्यातल्या मीटरवर मोठी इलेक्ट्रिक गाडी: टाटा हॅरिअर ईव्हीचे परीक्षण

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात या उन्हाळ्यात टाटा हॅरिअर ईव्ही जवळजवळ दोन महिने माझ्या अंगणात होती. माझे धाकटे मेहुणे मुलाकडे बंगळुरूला गेले आणि जाताना गाडी माझ्या स्वाधीन करून गेले, कारण एवढी महागाची वस्तू कुलूपबंद घरासमोर उन्हात उभी ठेवणे त्यांना पटत नव्हते. मलाही आमची दहा वर्षांची डिझेल गाडी पुढच्या हंगामानंतर बदलायची असल्याने ही जबाबदारी मी आनंदाने घेतली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून मृगाच्या पहिल्या पावसापर्यंत ती मी सुमारे सव्वातीन हजार किलोमीटर चालवली, त्यात वर्ध्याच्या आणि अमरावतीच्या फेऱ्या होत्या, नागपूरचे दवाखाने होते, संत्र्याच्या बागेपर्यंतचा खडीचा रस्ता होता आणि समृद्धी महामार्गावरचा एक लांबचा प्रवासही होता. या वर्गातली गाडी घेण्याचा विचार करणाऱ्या, पण शहरात न राहणाऱ्या वाचकांसाठी हे लिहीत आहे, कारण शोरूममध्ये मिळणारी माहिती पुण्या-नागपूरच्या पार्किंगमधल्या ग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवून दिलेली असते आणि आपल्या अंगणातले प्रश्न त्यात येत नाहीत.

आपल्याकडे ही गाडी पाहायला येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की एकदा भरली की किती जाते. दोन महिन्यांनंतर माझे मत असे झाले आहे की खेड्यातल्या ग्राहकाने पहिला प्रश्न वेगळा विचारावा: रात्री माझ्या घरी ती किती भरते? याचे उत्तर समाधानकारक असेल तर बाकीच्या बहुतेक उणिवांतून वाट निघते, आणि ते तसे नसेल तर कितीही उत्तम गाडी खेड्यात ओझे होऊन बसते.

आधी गाडीची थोडक्यात ओळख करून देतो. हॅरिअर ईव्ही जून २०२५ मध्ये बाजारात आली. तिच्यात ६५ आणि ७५ किलोवॉट-तास अशा दोन क्षमतांच्या बॅटऱ्या मिळतात. किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले युनिटच, त्यामुळे ७५ची बॅटरी म्हणजे ७५ युनिट मावणारी टाकी असे समजले तरी चालते. सुरुवातीची शोरूम किंमत २१.४९ लाख रुपये जाहीर झाली होती आणि पुढच्या-मागच्या दोन्ही आसांवर मोटर असलेला सर्वांत वरचा प्रकार २८.९९ लाखांचा होता. या किमतीत घरी बसवायचा चार्जर धरलेला नव्हता, हे लक्षात ठेवावे. याच पैशांत तिच्याशी थेट तुलना होते ती महिंद्रा एक्सईव्ही ९ईची, जी नोव्हेंबर २०२४ मध्ये २१.९० लाखांपासून जाहीर झाली आणि जिच्यात ५९ व ७९ किलोवॉट-तासांच्या बॅटऱ्या मिळतात. दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या आहेत. आपल्या दृष्टीने ही सर्वांत जमेची बाजू आहे, कारण हे रसायन इतर प्रचलित प्रकारांपेक्षा उष्णता अधिक सोसते आणि तापून पेट घेण्याचा धोका त्यात कमी असतो.

मला मिळालेली गाडी ७५ किलोवॉट-तासांची आणि फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी होती. तिचा प्रमाणित पल्ला ६२७ किलोमीटर आहे. हा आकडा खोटा नाही, पण तो कोणत्या परिस्थितीतला आहे हे समजून घेतले पाहिजे. ज्या भारतीय चाचणीतून तो येतो तिच्यात गाडीचा सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर असतो, आणि मे महिन्यातल्या दुपारी पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या एसीचा भार तिच्यात नसतो. समृद्धीवर वेगमर्यादा १२०ची आहे, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ९० आणि १२० यांतला फरक चाकांखाली फार मोठा होतो. माझ्या नोंदींप्रमाणे राज्यमार्गावर ताशी ६० ते ८०च्या वेगाने, एसी चालू ठेवून, एका युनिटमध्ये सरासरी सव्वासहा किलोमीटर मिळाले, म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीत सुमारे ४६५. समृद्धीवर दुपारच्या उन्हात ११० ते १२०च्या वेगाने हाच आकडा ४.६ पर्यंत उतरला आणि पल्ला ३४५च्या आसपास आला. कंपनी स्वतःही प्रत्यक्ष वापरासाठी प्रमाणित आकड्याहून कमी पल्ला सांगते, तेव्हा यात तक्रारीचे कारण मला दिसत नाही. मात्र घेणाऱ्याने हिशेब करताना उन्हाळ्यातला, समृद्धीवरचा, कमीत कमी आकडा धरावा. डिसेंबरमधल्या सकाळी जास्त मिळेल ते वरकमाईचे समजावे.

उन्हाबद्दल अधिक सविस्तर लिहितो, कारण चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर या आपल्या भागांत पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. गाडी चालण्यात उन्हामुळे अडचण आली नाही आणि एसी समाधानकारक आहे. निघण्यापूर्वी दहा मिनिटे मोबाईलवरून एसी चालू करून ठेवता येतो, तेव्हा गाडी चार्जरला जोडलेली असेल तर ती वीज घरच्या मीटरवरून घेतली जाते आणि बॅटरी भरलेलीच राहते. अडचण येते ती बाहेरच्या जलद चार्जरवर. तापलेल्या डांबरावरून शंभर-दीडशे किलोमीटर आलेली गाडी लगेच चार्जरला लावली की बॅटरी आतून गरम असते, आणि तिला जपण्यासाठी गाडी स्वतःच करंट कमी घेते. त्यामुळे जलद चार्जिंग जमेल तेवढे सकाळी दहाच्या आत किंवा सूर्यास्तानंतर करावे. बॅटरी पूर्ण भरून गाडी तीन-चार दिवस उन्हात उभी ठेवणेही टाळावे. या रसायनाच्या बॅटरीला किती भरली आहे याचा अंदाज बरोबर राहावा म्हणून ती अधूनमधून शंभर टक्के भरावी लागते, पण ते निघण्याच्या आदल्या रात्री करावे. मी गोठ्याला लागून असलेल्या टिनाच्या शेडवर पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) थर टाकला आणि दुपारी गाडी त्याखाली ठेवू लागलो. आतले तापमान हाताला जाणवेल इतके उतरले.

आता घरच्या विजेकडे येतो. गाडी आली त्या रात्री १५ अँपिअरच्या प्लगला हलवता येणारा चार्जर लावला, तर लाल दिवा लागला आणि चार्जिंग सुरूच झाले नाही. दुसऱ्या प्लगवर तेच झाले. मला वाटले चार्जर बिघडला. सकाळी गावातल्या वायरमनने मीटरपासून तपासणी केली आणि म्हणाला, “भाऊ, चार्जरात काई खोट नाई, तुमची अर्थिंगच सुटली हाय.” घर पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे, अर्थिंगचा सळईखड्डा त्याच काळातला, आणि माती काळी. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात. अशा वेळी सळईभोवतालची माती तिच्यापासून सुटते, ओल निघून जाते आणि अर्थिंग नावापुरतीच उरते. पंखे, कूलर, टीव्ही चालू राहतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग तपासल्याशिवाय वीज आत घेत नाही, आणि हे योग्यच आहे, कारण एवढा करंट तासन् तास वाहत असताना अर्थिंग नसणे जिवावर बेतू शकते. नवीन खोल खड्डा खणून, त्यात अर्थिंगची पावडर भरून आणि वरून पाणी घालण्याची सोय ठेवून काम केले, तेव्हा चार्जिंग सुरू झाले. गाडी घेऊ इच्छिणाऱ्याने हे काम गाडी घेण्याच्या आधी करावे, आणि शक्यतो मे महिन्यात मोजमाप घ्यावे, कारण ऑगस्टमध्ये ओल्या मातीत प्रत्येकाचीच अर्थिंग चांगली दिसते.

दुसरा विषय लोडचा. ७.२ किलोवॉटचा घरचा चार्जर एकट्याने सुमारे ३२ अँपिअर ओढतो. खेड्यातल्या कित्येक घरांचा मंजूर भार एक-दोन किलोवॉटचा असतो, तेव्हा महावितरणकडे भार वाढवून घेतल्याशिवाय, आणि सर्व्हिस वायर व मुख्य स्विच बदलल्याशिवाय, हा चार्जर बसवू नये. गावातली डीपी (विजेचे रोहित्र) पुष्कळदा ६३ किंवा १०० केव्हीएची असते, आणि संध्याकाळी सात ते अकरा या वेळेत घरोघरी कूलर चालू असताना तिच्यावर आधीच ताण असतो. त्या वेळी माझ्याकडे व्होल्टेज १९०च्या खाली जात असे. मध्यरात्रीनंतर ते २२०च्या वर स्थिर होई. म्हणून चार्जिंगची वेळ गाडीतच रात्री बारानंतरची लावून ठेवावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. शेतातल्या पंपाच्या जोडणीवरून गाडी भरण्याचा मोह काहींना होईल, तो कटाक्षाने टाळावा. शेतीसाठी सवलतीत दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणे हा वीज कायदा २००३च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी भरावी लागते. घरी गाडी भरण्यासाठी घरगुती दरच लागू असल्याने आडवाट शोधण्याचे कारणही नाही.

बहुतेकांना ७.२ किलोवॉटच्या चार्जरची गरज नाही, असे मला वाटते. १५ अँपिअरच्या साध्या प्लगवरून तासाला सुमारे तीन युनिट मिळतात. नऊ तासांच्या रात्रीत २७ युनिट होतात, त्यातले दहा टक्के उष्णतेत गेले असे धरले तरी सकाळी सुमारे दीडशे किलोमीटरांची भर पडलेली असते. आमच्या गावातून वर्धा जाऊन-येऊन, वाटेतली कामे धरून, सव्वाशे किलोमीटरांच्या आत होते. रिकामी बॅटरी या प्लगवर पूर्ण भरायला पंचवीस तासांहून अधिक लागतील हे खरे, पण रोज रात्री प्लग लावणाऱ्याची बॅटरी रिकामी होतच नाही. त्या प्लगसाठी मीटरपासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच), गळती पकडणारा स्विच आणि विजांच्या काळासाठी सर्ज प्रोटेक्टर एवढे मात्र करून घ्यावे. जूनमध्ये आकाश कडाडू लागले की प्लग काढून ठेवण्याचीही सवय लावावी. आपल्याकडे वीज पडून माणसे आणि गुरे दगावतात, मीटर आणि टीव्ही जळतात, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो.

पैशांचा हिशेब मी माझ्या वापरावरून मांडतो, प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावे. घरच्या वरच्या स्लॅबमधले युनिट सगळे आकार मिळून १२ रुपयांना पडते आणि त्यात साडेपाच किलोमीटर होतात असे धरले, तर किलोमीटरला सुमारे २ रुपये २० पैसे लागतात. याच आकाराची डिझेल गाडी लिटरला १४ किलोमीटर जाते आणि डिझेल ९२ रुपये आहे असे धरले, तर ६ रुपये ५७ पैसे. वर्षाला १८ हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे त्यात ७८-७९ हजार रुपये वाचतात, पण महिन्याला सहाशेच किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला एकतीस-बत्तीस हजारच वाचतात, आणि त्याने केवळ बचतीसाठी एवढी महाग गाडी घेऊ नये. खरेदीच्या वेळचा करांतला फरक मात्र सगळ्यांनाच मिळतो. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, आणि महाराष्ट्रात तिला मोटार वाहन कर माफ आहे, तर २० लाखांवरच्या डिझेल गाडीला वैयक्तिक नोंदणीत १५ टक्के कर भरावा लागतो, म्हणजे तीन लाखांच्या घरातली रक्कम. ऑन-रोड (कर, नोंदणी, विमा धरून होणारी) किंमत विचारल्याशिवाय तुलना करू नये, ते यासाठी.

छतावर सौर संच असणाऱ्याचा हिशेब आणखी बदलतो. तीन किलोवॉटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला बारा युनिटांच्या आसपास देतो, आणि पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. नेट मीटरिंगमुळे दिवसा ग्रीडला दिलेले युनिट रात्रीच्या चार्जिंगमध्ये वळते होतात. एक गैरसमज मात्र दूर करतो: ग्रीडला जोडलेला साधा संच लाईट गेली की बंद पडतो, कारण तारेवर काम करणाऱ्या लाईनमनच्या सुरक्षिततेसाठी तो तसाच बनवलेला असतो.

याच मुद्द्याला धरून गाडीतून बाहेर वीज देण्याच्या सोयीबद्दल सांगतो, कारण खेड्यात ती शोभेची वस्तू नाही. मे महिन्यात एका वादळी रात्री गावाजवळ तारा तुटल्या आणि वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. गाडीतून जाडी एक्स्टेन्शन वायर घरात आणून आम्ही दोन पंखे, एक कूलर, फ्रिज आणि दिवे रात्रभर चालवले, आणि सकाळी बॅटरीतले नऊ टक्केच कमी झाले होते. ऐंशी वर्षांच्या आईसाठी ती रात्र सुसह्य झाली. फवारणीच्या पंपांच्या बॅटऱ्याही मी त्यावर भरून पाहिल्या. परंतु गाडीची वीज घरच्या बोर्डात उलटी सोडून सगळे घर उजळवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. ती वीज मीटरमधून उलट डीपीपर्यंत पोहोचली तर खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. उपकरणे थेट एक्स्टेन्शनवरच लावावीत.

समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो आणि विरूळच्या इंटरचेंजवरून आम्हाला तो सोयीचा पडतो. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर पूर्ण झाले, आणि मोठी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात या रस्त्यावरचा प्रवास असतोच. छत्रपती संभाजीनगरला जाताना पहाटे साडेचारला निघालो, वेग शंभरच्या आसपास ठेवला आणि साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपासचे अंतर कापून १७ टक्के बॅटरी शिल्लक असताना पोहोचलो. येताना दुपार झाली. वाटेतल्या ज्या चार्जरचा भरवसा धरला होता तो बंद होता आणि मोबाईल ॲपवर मात्र चालू दिसत होता. पुढे वेग ऐंशीवर आणून, इंटरचेंजवरून खाली उतरून दुसरा चार्जर गाठला, तर तिथे ६० किलोवॉटच्या यंत्रावर आधीच एक गाडी लागलेली असल्याने आमच्या वाट्याला निम्मीच ताकद आली. हॅरिअर ईव्ही १२० किलोवॉटच्या चार्जरवर २० ते ८० टक्के पंचवीस मिनिटांत भरते असे कंपनी सांगते. तेवढ्याच भरण्यासाठी म्हणजे ४५ युनिटांसाठी, तीस किलोवॉटने दीड तास लागतो, हा गणिताचा भाग आहे आणि त्यात गाडीचा दोष नाही. त्या दीड तासात आईला बसायला सावलीची जागा नव्हती, हे मात्र मला फार लागले. तेव्हापासून मी नियम केला आहे की बॅटरी ४० टक्क्यांवर असतानाच पहिला चार्जर गाठायचा, म्हणजे तो बंद निघाला तरी दुसऱ्यापर्यंत जाता येते. राज्याच्या २०२५च्या विद्युत वाहन धोरणात समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना पथकर माफ केलेला आहे. नाक्यावरून गेल्यावर फास्टॅगचा संदेश पाहून पैसे कापले गेले नाहीत ना, एवढी खात्री करावी.

ज्याला महिन्यातून तीन-चार वेळा पुणे-मुंबई गाठायचे आहे, त्याने मोठ्या बॅटरीची एक्सईव्ही ९ई जरूर चालवून पाहावी. तिचा प्रमाणित पल्ला ६५६ किलोमीटर आहे, जलद चार्जरकडून ती अधिक वेगाने वीज घेते, आणि डिकी ६६३ लिटरची आहे, तर हॅरिअर ईव्हीची ५०२ लिटरची. तिचे छत मागे उतरते असल्याने उंच माणसाने मागच्या आसनावर बसून मगच ठरवावे. माणसे सात असतील तर त्याच कंपनीची नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली एक्सईव्ही ९एस पाहावी.

बसण्याच्या सोयीबद्दल माझे मत संमिश्र आहे. बॅटरी फरशीखाली असल्याने या वर्गातल्या गाड्यांत मागच्या आसनासमोरची फरशी उंच येते आणि गुडघे वर राहतात. आई नऊवारी लुगडे नेसते. तिला चढताना-उतरताना हाताचा आधार द्यावा लागे, आणि लांबच्या प्रवासात मांडीखाली उशी लागली. घरात वयस्कर माणसे असणाऱ्यांनी त्यांना शोरूममध्ये सोबत न्यावे आणि अर्धा तास मागे बसवून पाहावे. स्क्रीन, स्पीकर, कॅमेरे यांविषयी बाकी सगळे पुष्कळ लिहितात. मला त्यांतला सभोवतीचे दाखवणारा कॅमेरा खरोखर उपयोगी वाटला, कारण बैलबंडी आणि भिंत यांमधून गाडी काढताना तो डोळ्यांचे काम करतो. रेषेत राहायला मदत करणारी यंत्रणा समृद्धीवर चांगली आहे, पण गावच्या रस्त्याला रेषाच नाही, तेव्हा ती तिथे बंद ठेवावी. भारत एनकॅपच्या (गाड्यांच्या अपघात-सुरक्षेच्या) चाचणीत पाच तारे, त्यातही प्रौढांसाठी ३२ पैकी ३२ गुण, ही माझ्या दृष्टीने पैसे वसूल करणारी गोष्ट आहे. गाडीला इंजिनाचा आवाज नसतो, हेही नव्या चालकाने ध्यानात ठेवावे. रस्त्यावरच्या गुरांना आणि पाठमोऱ्या म्हाताऱ्या माणसांना ती आल्याचे पटकन कळत नाही.

दोन मोटरींच्या प्रकाराबद्दल मला अनेकांनी विचारले, कारण चारही चाकांना ताकद म्हटली की चिखलातली वाट डोळ्यांसमोर येते. मी तो प्रकार नागपूरला चालवून पाहिला. वेग थक्क करणारा आहे. परंतु आपला चिखल डोंगरातल्या चिखलासारखा नाही. काळी माती ओली झाली की चाकाला थापत जाते, टायरच्या खाचा भरून निघतात आणि चाक गुळगुळीत गोळा होते, मग ताकद दोन चाकांना द्या की चारांना. शिवाय गाडी दोन टनांहून जड आहे. मृगाच्या पहिल्या पावसानंतर मी पांदणीत ती धुऱ्यापर्यंतही नेली नाही. वावरात जायला मोटरसायकल आणि ट्रॅक्टर आहेत, आणि सुमारे दीड लाखाचा तो फरक घराच्या वायरिंगमध्ये व सौर संचात घालणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. पुलावरून पाणी वाहत असताना तर कोणतीच गाडी घालू नये. बॅटरी पाण्यापासून सुरक्षित असली तरी प्रवाह गाडीला उचलतो.

अडकलीच, तर ट्रॅक्टरला दोर बांधून लांबवर ओढत नेण्याची आपली रीत इथे चालणार नाही. चाके फिरली की मोटर फिरते आणि नुकसान होऊ शकते, म्हणून अशी गाडी चारही चाके उचलून ट्रकवरच न्यावी लागते. तो ट्रक आपल्या गावापर्यंत किती तासांत येईल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनी आहे की फक्त पंक्चरची पेटी आहे, हेही पाहावे, कारण या वर्गातल्या कित्येक प्रकारांत स्टेपनी नसते आणि बाभळीचा काटा पेटीने निभावला तरी खड्ड्यात फाटलेला टायर तिने निभावत नाही. धान्य आणि सरकी साठवलेल्या घरात उंदीर असतात. बॉनेटखालची नारिंगी वायर त्यांनी कुरतडली तर खर्च मोठा येतो आणि हमीत तो बसत नाही, म्हणून विम्यात त्याची तरतूद आहे का ते विचारून घ्यावे.

बॅटरीच्या हमीतही आपल्याकडच्या घरांना महत्त्वाची एक बाब आहे. हॅरिअर ईव्हीच्या बॅटरीला पहिल्या मालकासाठी आजीवन हमी आहे, आणि आजीवन म्हणजे पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे. गाडी दुसऱ्या मालकाच्या नावे झाली की अटी बदलतात. आपल्याकडे सातबारा वडिलांच्या नावे असतो, कर्ज मुलाच्या नावे निघते आणि गाडी भलत्याच तिसऱ्याच्या नावे होते. सत्तरीतल्या वडिलांच्या नावे घेतलेली गाडी पुढे वारसाने मुलाकडे आली तर हमीचे काय होईल, हा प्रश्न मी दोन ठिकाणी विचारला आणि दोन्ही ठिकाणी तोंडी उत्तरे वेगवेगळी मिळाली. ज्याला ती पुढची पंधरा वर्षे चालवायची आहे, त्याच्याच नावे गाडी घ्यावी आणि उत्तर लेखी मागावे.

माझा निर्णय ६५ किलोवॉट-तासांच्या, मागच्या चाकांच्या प्रकाराकडे झुकला आहे. तिचा प्रमाणित पल्ला ५३८ किलोमीटर असला तरी मी उन्हाळ्यातले समृद्धीवरचे ३०० धरतो, आणि नागपूरला जाऊन घरी परतायला मला २०० लागतात. वर्षातून दोनदा संभाजीनगरला जाताना एक थांबा वाढेल, तो सकाळच्या वेळी घेता येईल. मोठ्या बॅटरीचे पैसे वाचवून तीन किलोवॉटचा सौर संच बसवायचा आणि अंगणातल्या शेडला पक्के छत घालायचे, असे घरात ठरले आहे. भारवाढीचा अर्ज गेल्या सोमवारी महावितरणच्या कार्यालयात दिला. गाडीची नोंदणी मात्र लाईनमन येऊन नवी सर्व्हिस वायर ओढून गेल्यावर, आणि कापसाची पहिली वेचणी विकली गेल्यावरच करणार आहे.